वजनाचा रकाना

रात्री दोनला सोहारच्या आमच्या दवाखान्यात
एक म्हातारा बलुची कोळी नात घेऊन आला.
दिशदाशाच्या खांद्यावर उलटीचा ओला डाग,
बोटांना सुक्या मासळीचा वास.
नाव विचारलं. माहगंज.
स्क्रीनवर तीन माहगंज निघाल्या, तीन स्पेलिंगांच्या.
पहिलीत ती अजून 'गोहरचं बाळ',
दोन तासांची, बिननावाची,
तिथेच राहून गेलेली.
दुसरीत जन्मतारीख एक जानेवारी.
ज्यांची तारीख कुणाला आठवत नाही
ते सगळे इथे एक जानेवारीलाच जन्मतात.
तिसरी खरी.
आजोबाने स्क्रीनकडे न बघताच मान हलवली.

ताप एकोणचाळीसच्या वर.
डॉक्टरांनी जेंटामायसिन लिहिलं, किलोच्या हिशेबाने.
यंत्राने गुणाकार केला, पापणी लवायच्या आत.
वजनाच्या रकान्यात दहा.
डोसासमोर हिरवी खूण.

दहा किलो म्हणजे काय, मला ठाऊक आहे.
कडेवर घेतलं की कंबर आपोआप एका अंगाला जाते.
हिला उचललं
तर कंबर हललीच नाही.

आई माझी उमरग्याकडे अंगणवाडीत.
आढ्याला टांगलेला काटा,
झोळीत हातपाय झाडणारी लेकरं.
आकडा बघायच्या आधी ती सांगून मोकळी व्हायची.
चुकली तर पावशेर इकडे, पावशेर तिकडे.
म्हणायची, आधी हाताला विचार, मग काट्याला,
आणि दोघं भांडले
तर दोघांना परत विचार की.

काट्यावर ठेवली. सात किलो तीनशे.
परत ठेवली. सात तीनशे.
जास्त झालं तर हे औषध कानाला धरतं,
लेकरू बोलायला लागायच्या आधी ऐकायचं थांबतं.
डॉक्टरांना फोन केला. डोस बदलला.
सुई लागल्यावर ती रडली, मोठ्याने. बरं वाटलं.

मग मागे जाऊन पाहिलं, हे दहा कुणी भरलं.
बावीस दिवसांपूर्वी, रमजानात,
लसीच्या रांगेत, रोजा सुटायच्या वेळेला.
वजन भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही,
म्हणून कुणीतरी घाईत भरलं होतं.
शेजारी वेळ होती, सेकंदासकट.
नाव होतं.
माझं.

ती पोर मला आठवत नाही.
काउंटरमागे जमीलाने हातात दिलेला खजूर आठवतो,
त्याची बी कुठे टाकावी म्हणून
बराच वेळ मुठीत धरली होती, तेही.

दहा लिहिलं तेव्हा तिच्या वाढीची रेघ
कशी छान मधोमध चालली होती.
सात तीनशे भरताच ठिपका
सगळ्या रेघांच्या खाली जाऊन पडला.
आई असती तर लाल पेन्सिल काढली असती,
आणि दुपारी घरी जाऊन चूल बघितली असती.

इथे खोडता येत नाही.
चूक खाली दिसत राहते, दुरुस्ती वर बसते.
यंत्र कारण विचारतं. पर्याय देतं:
काटा नादुरुस्त. रुग्ण सहकार्य करीत नव्हता. इतर.
मी 'इतर' दाबलं.
समोर रिकामी चौकट उघडली,
आणि कर्सर लुकलुकत राहिला.
मी लिहिलं, न तोलता भरलं.

सकाळी ताप उतरला. म्हातारा बाकावर बसल्या बसल्या
उशाला चप्पल नाही म्हणून हात घेऊन झोपलेला.
साडेसहाला मी उमरग्याला फोन लावला,
तिकडे आठ, पोरगा शाळेला निघालेला.
विचारलं, वजन किती रे तुझं?
हे काय मधेच, म्हणाला. मग म्हणाला, चाळीस.
पटकन. गोल आकडा.
कधी केलेलंस?
गप्प.
मागे रिक्षाचा हॉर्न, आजीची हाक.
माझ्याकडची शेवटची नोंद एकतीस,
गेल्या वर्षीच्या जूनमधली.